ऑफिसात जोक मारताय? आधी बघा बिल कोणाच्या नावावर फाटतंय

अमरावतीचा एक मुलगा आमच्या टीममध्ये जॉइन झाला होता, कामाला एकदम चोख आणि बोलणं अस्सल वऱ्हाडी. दुसऱ्याच आठवड्यात सकाळच्या स्टँडअपमध्ये (रोजची उभ्या उभ्या होणारी छोटी मीटिंग) तो म्हणाला "सर्व्हर लय स्लो होऊन राहिला" आणि मी लगेच त्याच्याच सुरात "काहून होऊन राहिला बा?" अख्खी टीम हसली, तोही हसला. मग काय, ते रोजचंच झालं. कॉफी मशीन बंद पडलं तरी कोणीतरी "काहून बंद पडून राहिलं" म्हणणारच. महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं की हा पोरगा आता ऑफिसात मराठी बोलतच नाही. मीटिंगमध्ये इंग्लिश, जेवताना हिंदी, माझ्याशी पण हिंदी. आणि घरून आईचा फोन आला की उठून जिन्यात जायचा.

भांडण नाही, तक्रार नाही, एचआर नाही. नुसती एका माणसाची भाषा बंद झाली आणि ती मी बंद केली, तेही टीममधला सगळ्यात विनोदी माणूस म्हणून माझं नाव होतं तेव्हा. कंपनी कुठली ते सांगत नाही, महत्त्वाचंही नाही. एकोणीस वर्षं नोकरी झाली, आधी भोसरीत कारखान्यात प्लॅनिंगला होतो आणि नंतर हिंजवडीत, दोन्हीकडे भरपूर जोक मारले, काही जमले, काही अंगाशी आले. त्यातून जे शिकलो ते क्रमानं लिहितोय. ऑफिसात हसूच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, नऊ तास तोंड पाडून बसायचं असेल तर मग घरूनच काम केलेलं बरं.

पायरी १: पहिला महिना फक्त बघा

नवीन ठिकाणी गेलात की पहिल्याच दिवशी छाप पाडायची खाज येते आणि तिथेच बरेच जण माती खातात. एक महिना थांबा. जेवणाच्या टेबलावर बसा, डबा उघडा, भाजी वाटा, ऐका.

काय बघायचं? हशा कोणावर होतो ते बघा. प्रत्येक टीममध्ये एक गिऱ्हाईक ठरलेलं असतं, काही झालं की त्याचीच खेचायची. तो कोण आहे, आणि तो खरंच एंजॉय करतोय की सवयीनं हसतोय? सीनियर माणसं स्वतःवर हसतात का? की साहेबांनी जोक मारल्यावरच सगळे हसतात आणि साहेब गेले की चेहरे उतरतात? एकमेकांना अरे-तुरे आहे की अहो-जाहो? पन्नाशीतल्या अकाउंटच्या मॅडमना सगळे "काकू" म्हणतात, पण त्यांना ते आवडतं का? (एका ठिकाणी नव्हतं आवडत, त्यांनी सहा वर्षं सहन केलं आणि रिटायर व्हायच्या आठवड्यात सांगितलं.)

आणि टेन्शन घेऊ नका. रॉबर्ट प्रोव्हाइन म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात लोक नक्की कशावर हसतात याच्या साधारण १२०० नोंदी केल्या होत्या. निघालं काय, तर हसण्याच्या आधीचं वाक्य जेमतेम १० ते २० टक्के वेळाच जोकसारखं होतं. बाकी सगळं आपलं "चला भेटू", "हे काय नवीन", असलं साधंच. म्हणजे लोक एकत्र असले आणि मोकळे असले की हसतातच. तुम्ही कॉमेडी शोमधून पाठ करून यायची काही गरज नाही.

पायरी २: बिल कोणाच्या नावावर फाटतंय?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. प्रत्येक जोकचं बिल कोणाच्या तरी नावावर फाटतं. हसू सगळ्यांना फुकट मिळतं पण एक जण पैसे भरत असतो. तोंड उघडायच्या आधी एवढंच विचारायचं, हे बिल कोणाचं?

माझा हिशोब असा आहे.

सगळ्यात सेफ म्हणजे वस्तूच्या नावावर फाडलेलं बिल. लिफ्ट, प्रिंटर, व्हीपीएन, कँटीनचा चहा, सतराव्या व्हर्जनची "फायनल_फायनल_आता_खरंच_फायनल" नावाची एक्सेल फाइल, हिंजवडीचा ट्रॅफिक. यांना भावना नसतात. आणि हे सगळ्यांचं कॉमन दुःख असल्यामुळे हशा पण जोरात होतो. आमच्याकडे एसी बिघडला होता तेव्हा कोणीतरी त्यावर कागद चिकटवला होता, "मी पण नोटिस पीरियडवर आहे". आठवडाभर लोक फोटो काढत होते. बिल कोणाचं? एसीचं. बरं, मेंटेनन्सवाल्याला पण लागलं नाही, तोच सगळ्यात जास्त हसला.

त्यानंतर स्वतःचं. यावर पुढे सविस्तर बोलतो, त्यात पण गोम आहे.

मग येतं समोरच्यानं स्वतः निवडलेलं. त्याची आयपीएलची टीम, त्याचा नवीन लाल शर्ट, चहात चार चमचे साखर. इथे ओळख पाहिजे, आणि त्यानंसुद्धा तुमची खेचलेली पाहिजे. देणंघेणं दोन्ही बाजूंनी असेल तर ती मस्करी, एकाच बाजूनं असेल तर ती टर. आपल्याकडे शब्द किती आहेत बघा, कोपरखळी, चिमटा, फिरकी, मस्करी, थट्टा, टवाळी, टोमणा, टर, कुचेष्टा. हे सगळे एकच नाहीत. कोपरखळी मारायला माणूस शेजारी बसलेला लागतो, टोमणा लांबूनही मारता येतो. जोक मारताना तुम्ही त्याच्या शेजारी बसलेले आहात की समोर उभे, यावरून बरंच ठरतं.

आणि शेवटचं, जे माणसानं निवडलेलंच नाही. रंग, उंची, वजन, टक्कल, तोतरेपणा, जात, धर्म, आडनाव, गाव, बोली, आईबाप काय करतात, लग्न का नाही झालं, मूल का नाही. इथे हात घालायचाच नाही. "पण तो स्वतःच स्वतःच्या टकलावर जोक मारतो की!" मारू दे ना. त्याचं टक्कल, त्याचा हक्क. त्यानं स्वतःचं बिल भरलं म्हणजे तुम्हाला त्याचं एटीएम कार्ड मिळालं नाही.

बोलीचं तर खास सांगतो कारण तिथेच मी तोंडघशी पडलोय. पुण्यामुंबईच्या ऑफिसात कोल्हापूर, नांदेड, जळगाव, नागपूर, सावंतवाडी, गोवा, कुठकुठची मराठी ऐकू येते आणि आपल्याला वाटतं आपलं कौतुकच चाललंय, "किती गोड बोलतो रे". पण समोरच्याला ऐकू काय येतं, तर तू चुकीचं बोलतोस. घरून, शाळेतून, इंटरव्ह्यूमधून त्यानं ते आधीच पन्नास वेळा ऐकलेलं असतं. नक्कल करायची नाही. तो शब्द खरंच आवडला असेल तर अर्थ विचारा आणि ऐका, नाहीतर गप्प बसा.

पायरी ३: खुर्ची किती उंच आहे ते मोजा

तुम्ही मॅनेजर असाल तर एक कटू सत्य. तुम्ही जेवढे विनोदी आहात असं तुम्हाला वाटतं तेवढे तुम्ही नाही. तुमच्या हातात अप्रेजल आहे म्हणून लोक हसतात. मी टीम लीड झालो त्या महिन्यात माझे पीजेसुद्धा अचानक चालायला लागले, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

त्यामुळे पोझिशन वाढली की जोकची दिशा बदलायची. वरच्या माणसानं खाली मारलेला जोक हा जोक राहत नाही, तो शेरा होतो. "काय, आज लवकर निघाले वाटतं साहेब!" हे शेजारच्या डेस्कवरचा मित्र म्हणाला तर मस्करी. मॅनेजर साडेसहाला हसत हसत म्हणाला तर तो माणूस घरी जाईपर्यंत विचार करत बसणार की हे सिरियसली होतं का. बायकोला पण सांगणार. रात्री लॅपटॉप उघडणार. तुम्ही मात्र तोपर्यंत विसरून पण गेलात.

मॅनेजरसाठी नियम सोपा, खाली कोणावर नाही, स्वतःवर किंवा वरती (तेही जपून, भिंतीला कान असतात आणि आता भिंतीला मीटिंग रेकॉर्डिंग पण असतं). आणि कामाचा फीडबॅक जोकमध्ये गुंडाळून अजिबात देऊ नका. शालजोडीतला मारणं ही आपल्याकडे कला समजतात, असेलही, पण ज्याला सुधारायचंय त्याला नक्की काय सुधारायचं हेच त्यातून कळत नाही, फक्त लागतं. रिपोर्ट उशिरा आला असेल तर केबिनमध्ये बोलवा आणि सांगा, रिपोर्ट उशिरा आला. चार लोकांत "आमच्याकडे रिपोर्ट पंचांग बघून येतो" हे वाक्य मी खऱ्या मीटिंगमध्ये ऐकलंय. तो रिपोर्ट पुढच्या महिन्यात पण उशिराच आला.

खालून वर जोक मारायचा असेल तर? मारा, पण चारचौघांत नाही आणि क्लायंटसमोर तर नाहीच. साहेबांचा मूड बघून, आणि साहेबांनी स्वतः कधी आपली फजिती सांगितलीये का ते बघून. नसेल सांगितली तर राहू द्या, नोकरी महत्त्वाची.

पायरी ४: स्वतःवर हसा, पण पगार ज्याचा मिळतो त्यावर नाही

स्वतःवरचा विनोद सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ. मीटिंगची सुरुवात करायला तर उत्तम. मी म्यूटवर तीन मिनिटं जीव तोडून बोललो होतो त्याचा किस्सा मी दर नव्या टीमला सांगतो, लोक सैल होतात, आणि नवीन पोरांना कळतं की इथे चुकलं तर कोणी खाऊन टाकत नाही.

गोम अशी की तुमचं जे मुख्य काम आहे त्याच्यावर हसू नका. अकाउंटंटनं "मला आकडेमोड जमतच नाही हो" म्हणू नये, लोक हसतात पण डोक्यात नोंद होते. विसरभोळा आहे, पार्किंगमध्ये गाडी सापडत नाही, रांगोळीत टिपका चुकला, हे चालेल. आणि रोज उठून तेच नको. सारखं "मी काय बाबा, मी आपला ढ" असं करणाऱ्याची पहिल्यांदा गंमत वाटते, चौथ्यांदा दया येते, दहाव्यांदा खरंच वाटायला लागतं. नवीन असाल किंवा टीममध्ये एकटीच बाई असाल तर हे आणखी जपून, कारण तुम्ही मस्करीत म्हटलेलं "मला नाही जमणार" लोक लगेच लिहून घेतात.

पायरी ५: वेळ बघा

प्रॉडक्शन (म्हणजे क्लायंट वापरतो ती चालू सिस्टिम) बंद पडलंय, क्लायंट लाइनवर आहे, एक जण घामाघूम होऊन टाइप करतोय, आणि मागून कोणीतरी "अरे बंद करून चालू करून बघ, ही ही". मारच खाईल तो. संकट चालू असताना जोक नाही, संकट संपल्यावर पहिला जोक. त्याची मजा वेगळीच असते. रात्री अडीचला सिस्टिम सुरू झाल्यावर आमचा एक सीनियर शांतपणे म्हणाला होता, "चला, आता दूधवाल्याबरोबरच घरी जाऊ." एवढंच. त्या वेळी आम्ही डोळ्यात पाणी येईपर्यंत हसलो. तेच वाक्य अकरा वाजता म्हटलं असतं तर कोणी बघितलं पण नसतं.

अप्रेजलचा आठवडा, कोणाला काढलंय ते दिवस, कोणाच्या घरी वाईट झालंय, या काळात गप्प राहणं हाच शहाणपणा. कपात चालू असताना "पुढचा नंबर कोणाचा" वगैरे जोक वरच्यांनी तर चुकूनही नको.

कारखान्यातल्या लोकांसाठी वेगळं सांगतो. शॉप फ्लोअरवर तोंडानं मस्करी करा, हातानं नाही. चालू मशीनवर माणूस असताना मागून दचकवणं, बोल्ट लपवणं, हेल्मेट पळवणं, आणि ती कॉम्प्रेसरच्या हवेची घाणेरडी मस्करी. शरीरात हवा मारल्यानं आतडी फाटून माणसं मेल्याच्या बातम्या पेपरात अनेकदा येऊन गेल्यात, आणि बहुतेक वेळा करणारा मित्रच असतो, "गंमत करत होतो" म्हणणारा. मस्करीची कुस्करी ही म्हण तिथे शब्दशः खरी होते. भोसरीत आमचे फोरमन होते, दिवसभर चेष्टा करायचे, शिव्या पण द्यायचे प्रेमानं, पण लाइन सुरू झाली की कोणी कोणाला हात लावला तर सरळ गेटबाहेर काढायचे. बरोबरच होतं.

पायरी ६: लिहिलेला जोक दोनदा वाचा, मग बहुतेक वेळा खोडा

तोंडी जोकमध्ये तुमचा आवाज, डोळे, हातवारे मदतीला असतात. मेलमध्ये आणि चॅटवर नुसती अक्षरं. २००५ साली जस्टिन क्रुगर, निकोलस एपली वगैरे संशोधकांनी एक मजेशीर प्रयोग छापला होता. लोकांना काही वाक्यं सिरियसली आणि काही उपरोधानं लिहून मेल करायला सांगितली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला ७८ टक्के वेळा तरी सूर कळेल, प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा थोडंसंच बरं. आवाजात तीच वाक्यं लोकांना जास्त कळत होती. यातली खरी धोक्याची गोष्ट अशी की लिहिणाऱ्याला पत्ताच नसतो, कारण त्याच्या डोक्यात ते वाक्य त्याच्या आवाजात वाजत असतं.

"वा, फारच लवकर पाठवलंत!" मनापासून लिहिलंय की टोमणा? तुम्हीच सांगा. शेवटी डोळा मारणारा इमोजी टाकला तर उलट जास्तच संशय येतो.

म्हणून लिहिताना उपरोध टाळायचा, वस्तूंवरचे जोक चालतात. ऑफिशियल मेलमध्ये क्लायंट किंवा एचआर सीसीत असेल तर तेही नको. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवराबायको फॉरवर्ड, राजकारणाचे फॉरवर्ड, "फक्त पुरुषांसाठी" वगैरे फॉरवर्ड टाकायचेच नाहीत, तो शाळेचा ग्रुप नाही. आणि जे लिहिलं त्याचा स्क्रीनशॉट निघतो हे धरूनच लिहायचं. तुम्ही "डिलीट फॉर एव्हरीवन" करेपर्यंत तो दुसऱ्या ग्रुपवर पोचलेला असतो.

पायरी ७: जिथे जोक संपतो आणि कायदा सुरू होतो

हा भाग कोरडा आहे पण वाचा.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, ज्याला सगळे पॉश (प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हरॅसमेंट) म्हणतात. त्याच्या आधी १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली होती, त्यातूनच पुढे हा कायदा आला. लोकांना वाटतं छळ म्हणजे अंगाला हात लावणं. तसं नाहीये. लैंगिक रोखाचे शेरे, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि नकोसं वाटणारं लैंगिक स्वरूपाचं कुठलंही बोलणं किंवा हावभाव, हे सगळं त्यात येतं. मुख्य शब्द आहे "नकोसं". तुमचा हेतू गमतीचा होता का, हा बचाव तिथे फारसा उपयोगाचा नाही, समोरच्या बाईला ते नको होतं का हे बघितलं जातं. डबल मीनिंग जोक हा छळात येऊ शकतो, सरळ सांगतो.

दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच लागते, तिची अध्यक्ष वरच्या पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी द्यायची, प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांत, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते. दहापेक्षा कमी लोक असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तुमच्या ऑफिसच्या समितीत कोण आहे माहीत आहे का? नोटिस बोर्डवर असायला पाहिजे. नसेल तर विचारा.

जातीवरून तर बोलूच नका. "कोट्यातून आलेला", "तुमचं काय बाबा, सरकारचे जावई" हे ऑफिसात सर्रास हसत हसत म्हटलं जातं आणि म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, ते सगळ्यात वाईट. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून मुद्दाम अपमान केला तर १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी काय, तो माणूस तुमच्याच शेजारी बसून तेच काम करतोय. डब्यावरून पण तसंच. कोणाच्या डब्यात सुकट आहे, कोणाच्या डब्यात कांदा-लसूणसुद्धा नाही, नाक मुरडून केलेला जोक हा डब्याबद्दल नसतो, ज्याचा डबा आहे त्याला ते बरोबर कळतं.

पायरी ८: टेबलावर सगळ्यांना कळणारी भाषा

आपण चार मराठी लोक एकत्र आलो की गाडी मराठीत सुटते, त्यात मजाही आहे. पण टेबलावर चेन्नईचा किंवा कोलकात्याचा कोणी बसलेला असेल आणि आपण एकदम खो खो हसलो तर त्याला काय वाटणार? माझ्यावरच हसतायत. दर वेळी. म्हणून हसून झालं की पहिल्यांदा त्याला सांगायचं काय झालं ते, भाषांतरात जोक मेला तरी चालेल. मेलेला जोक समजावून सांगताना जी फजिती होते त्यावर तो नक्की हसतो.

परदेशातल्या क्लायंटबरोबर कॉलवर शब्दांचे खेळ नको, लाइनला लॅग असतो, तुम्ही जोक मारता आणि दोन सेकंद सन्नाटा, त्या दोन सेकंदात माणूस म्हातारा होतो. तिथे हवामान, कुत्र्याचं भुंकणं, मागे वाजणारी वरात एवढंच ठेवा. लग्नसराईत आमच्या खिडकीखालून बँड गेला तेव्हा "हे तुमच्या रिलीजचं सेलिब्रेशन आहे" म्हणालो, ते चाललं होतं.

पायरी ९: सेंड-ऑफचं भाषण

हे लोक सगळ्यात जास्त विचारतात म्हणून वेगळं घेतलं. कोणाचा तरी शेवटचा दिवस, शाल, नारळ, समोसे, आणि तुम्हाला "दोन शब्द बोला" म्हणतात. इथे बरेच जण समोरच्याची इतकी खेचतात की त्याच्या बायकोमुलांसमोर त्याचं पानिपत होतं.

माझी पद्धत अशी. एकच किस्सा घ्या, तीन नको. असा किस्सा ज्यात तो गमतीशीर वागला पण शेवटी बरोबर ठरला. आमचे एक स्टोअरवाले काका होते, साधा मार्करसुद्धा सही घेतल्याशिवाय द्यायचे नाहीत. सगळे वैतागायचे. मी भाषणात म्हणालो की "मी काकांकडे रिकामं रिफिल जमा केल्याशिवाय मला नवीन पेन कधी मिळालं नाही, एकदा मला वाटलं आता जेवायला गेलो तर आधी रिकामं ताट दाखवायला लागेल" (हशा), "पण ऑडिटच्या वर्षी अख्ख्या प्लांटमध्ये एकच डिपार्टमेंट असं होतं जिथे एका नटाचाही फरक निघाला नाही." काका रुमाल शोधायला लागले. बिल काकांच्याच नावावर फाटलं, पण पैसे भरून वर त्यांच्याच हातात परत दिले, असं काहीतरी. आणि किस्सा सांगायच्या आधी त्यांना सकाळीच विचारलं होतं, "तो रिफिलचा सांगू का?" सरप्राइजच्या नादात विचारायचं टाळू नका.

पायरी १०: फसला, तर त्याच दिवशी निस्तरा

फसणारच कधीतरी. कळायचं कसं? जोक मारल्यावर हसणाऱ्यांकडे बघू नका, ज्याच्यावर मारला त्याच्याकडे बघा. तोंड हसतं आणि डोळे हसत नाहीत. किंवा तो इतरांच्या आधीच हसून मोकळा होतो. किंवा लगेच फोन बघायला लागतो. नंतरच्या दिवसांत बघा, जेवायला दुसरीकडे बसतो का, मीटिंगमध्ये बोलणं कमी झालं का, भाषा बदलली का.

मग काय करायचं? एकटं गाठा, त्याच दिवशी. "सकाळी मी ते बोललो ते चुकलं. परत नाही बोलणार. सॉरी." संपलं. "वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नाही, त्यात वाईट वाटून घेण्याची चूक त्याचीच आहे असं होतं. "अरे मस्करी होती, एवढं काय" हे तर नाहीच नाही. त्यानं लगेच माफ केलं पाहिजे अशी अपेक्षा धरू नका, समजावत बसू नका, चहाला चल म्हणून मागे लागू नका. जोक चारचौघांत मारला असेल तर चारचौघांत पण एक वाक्य बोला, म्हणजे बाकीचे तोच जोक पुढे चालवणार नाहीत. हे फार लोक करत नाहीत आणि खरं काम इथेच आहे, कारण तुम्ही थांबलात तरी तुम्ही सोडलेला जोक ऑफिसात फिरत राहतो.

मी हे केलं नाही. अमरावतीच्या त्या मुलाला मी दीड वर्षानं, तो कंपनी सोडताना, पार्किंगमध्ये गाठून सॉरी म्हणालो. मोठा भार उतरवल्यासारखं बोललो. तो हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, "अरे छोडो यार, मुझे तो याद भी नहीं." हिंदीत.

पायरी ११: आणि तुमच्यावरच कोणी मारला तर

हसलंच पाहिजे असं नाही. जिथे बोलणं अवघड आहे तिथे नुसतं न हसणं सुद्धा पुरतं, जोकला ऑक्सिजन लागतो.

एक साधी युक्ती सगळ्यात चांगली चालते, शांतपणे म्हणायचं "कळलं नाही, परत सांगा ना." आवाज चढवायचा नाही. परत सांगताना समोरच्याला स्वतःचंच वाक्य ऐकू येतं आणि घाणेरडा जोक दुसऱ्यांदा सांगायला फार थोड्या लोकांची जीभ वळते. मग "यात हसण्यासारखं काय?" हा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा लागतच नाही. मैत्रीतला असेल तर बाजूला घेऊन सरळ, "वजनावरून नको बोलूस, बाकी काय हवं ते बोल." नव्वद टक्के मित्र थांबतात, बाकीचे मित्र नव्हतेच.

तरी चालूच राहिलं तर लिहून ठेवायला लागा. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण कोण होतं, मेसेज असेल तर स्क्रीनशॉट. रागावून मोठा निबंध नको, दोन ओळी पुरे. ही नोंद ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, नोकरी सोडताना तो परत द्यायचा असतो. मॅनेजरला सांगणार असाल तर तोंडी सांगून झाल्यावर "आज आपलं यावर बोलणं झालं" अशी एक छोटी मेल टाका. आणि मॅनेजरच जोक मारणारा असेल तर त्याच्या वरच्याला किंवा एचआरला, लैंगिक असेल तर थेट समितीला, तीन महिन्यांची मुदत लक्षात ठेवून.

आणि दुसऱ्यावर चाललं असेल आणि तुम्ही शेजारी बसलेले असाल, तर सगळ्यात सोपं, विषय बदला. "ते सोड, शुक्रवारच्या डिप्लॉयमेंटचं काय झालं?" एवढ्यानं पण गाडी वळते. मी बसलो होतो त्या टेबलावर त्या महिन्यात आम्ही आठ जण होतो, एकानंही विषय बदलला नाही.